घर विकलं, पण पैशाला हात लागू द्यायचा नाही: अमेरिकेतलं १०३१ प्रकरण

मार्चमधला शनिवार. विवरणपत्रांचा हंगाम ऐन भरात, टेबलावर कागदांचे गठ्ठे, चहा गार झालेला, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका मित्राचा फोन.

"अरे, ते भाड्यानं दिलेलं टाउनहाउस विकलं बरं का एकदाचं. गुरुवारी क्लोजिंग झालं. आता ते टेन-थर्टी-वन काय असतं ते करून टाक, म्हणजे टॅक्सची कटकट नको."

"पैसे कुठे जमा झाले?"

"कुठे म्हणजे? आमच्या जॉइंट खात्यात."

"मग संपलं. आता नाही करता येत."

तो गप्प झाला. मग जरा दुखावलेल्या सुरात म्हणाला, "पण एका पैशाला हात लावलेला नाही रे. आले तसे पडलेत."

टेन-थर्टी-वन म्हणजे करकायद्यातलं १०३१ कलम: गुंतवणुकीची एक मालमत्ता देऊन दुसरी घेतली तर नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो, फक्त मधल्या पैशाला आपला हात लागता कामा नये. व्यवहारी माणसाला पटावं असंच त्याचं बोलणं होतं. कायद्याच्या लेखी मात्र पैसे खात्यात आले की हात लागला. तुम्ही ते खर्च केलेत की तसेच ठेवलेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गुरुवारच्या क्लोजिंगच्या, म्हणजे विक्रीचा व्यवहार पुरा होण्याच्या, आधी एक करार करून त्यावर सही करायची, एवढंच राहून गेलं होतं. त्यापायी ८१ हजार डॉलरांचा कर समोर उभा राहिला. हा आकडा कसा आला ते पुढे मांडतोच.

न्यू जर्सीतली काय, टेक्सासमधली काय, इथली बरीच मराठी मंडळी राहत्या घराखेरीज एखादं घर घेऊन भाड्यानं देतात. त्यामुळे गणपतीच्या पंगतीत 'आम्ही टेन-थर्टी-वन केलं' हे वाक्य हमखास कानावर येतं. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की हा विवरणपत्रातला एखादा रकाना आहे, एप्रिलमध्ये त्यावर खूण केली की झालं. प्रत्यक्षात हे सगळं विक्रीच्या आधी सुरू करावं लागतं. एप्रिलमध्ये फक्त जे घडलं ते कळवायचं असतं.

मूळ कल्पना अगदी साधी आहे. बैल देऊन बैल घेतला, तर बाजारात नफा कमावला असं कुणी म्हणत नाही. हातात रोकड आलेली नाही, मग कर भरायचा कशातून? या विचारानं १९२१ साली अमेरिकी काँग्रेसनं अशा अदलाबदलीला कायद्यात जागा दिली, आणि १९५४च्या करसंहितेत त्या तरतुदीला १०३१ हा क्रमांक मिळाला. बैलाचा दाखला मी उगाच देत नाही. पूर्वी गुरंढोरं, यंत्रं, विमानंसुद्धा या कलमाखाली बदलता येत. कायद्यात तर स्पष्ट लिहिलेलं होतं की भिन्न लिंगाची जनावरं एकाच जातीची मालमत्ता धरली जाणार नाहीत. म्हणजे बैल देऊन गाय घेतली की सवलत गेली! २०१७च्या करसुधारणेनं हे सगळं काढून टाकलं. २०१८पासून १०३१ फक्त स्थावर मालमत्तेला लागू आहे.

स्थावराच्या बाबतीत 'एकाच जातीची' याचा अर्थ मात्र भलताच ऐसपैस आहे. टाउनहाउस देऊन मोकळा प्लॉट घ्या, शेत देऊन दुकानाचा गाळा घ्या, चार बिऱ्हाडांची इमारत देऊन गोदाम घ्या, सगळं चालतं. अट आहे ती हेतूची. दिलेली आणि घेतलेली, दोन्ही मालमत्ता धंद्यासाठी किंवा गुंतवणूक म्हणून धरलेल्या हव्यात. राहतं घर यात बसत नाही. जुनं घर घेऊन, डागडुजी करून चार महिन्यांत विकणाऱ्याचं घरही बसत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ते घर म्हणजे दुकानातला माल.

आकडे मांडून बघू

मित्राचेच आकडे घेतो, थोडे गोल करून. घर घेतलं ३ लाख डॉलरांना. त्यात जमिनीची किंमत ६० हजार आणि बांधकामाची २ लाख ४० हजार. भाड्याच्या राहत्या इमारतीचा घसारा, म्हणजे दरवर्षी उतरते असं धरलेली किंमत, साडेसत्तावीस वर्षांत विभागून काढतात. अकरा वर्षांत तो झाला बरोबर ९६ हजार. हा घसारा दरवर्षी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, तेव्हा गोड लागतो. पण तितक्यानंच घराची हिशेबातली किंमत उतरत जाते. ३ लाखांतून ९६ हजार गेले, राहिले २ लाख ४ हजार.

घर विकलं ६ लाख २० हजारांना. दलाली, वकील, हस्तांतरण शुल्क वगैरे ३६ हजार गेले. हिशेबात विक्री धरायची ५ लाख ८४ हजार. त्यातून २ लाख ४ हजार वजा केले की नफा ३ लाख ८० हजार. मित्राच्या डोक्यात नफा होता २ लाख ८४ हजार, कारण घसारा तो साफ विसरला होता. यावर एक जण मला म्हणाला होता, "मग मी घसारा घेतच नाही ना!" त्याचाही उपयोग नाही. घेतला असो वा नसो, घेता आला असता तेवढा घसारा घेतला असंच धरून नफा काढला जातो.

आता कर. घसाऱ्याचे जे ९६ हजार आहेत त्यांवर जास्तीत जास्त २५ टक्के, म्हणजे २४ हजार. उरलेल्या २ लाख ८४ हजारांवर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा १५ टक्के दर धरला तर ४२ हजार ६००. नवराबायको दोघांची मिळकत अडीच लाखांच्या वर, म्हणून गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्क्यांचा जादा कर लागतो, तो १४ हजार ४४०. बेरीज ८१ हजार ४०. हा झाला संघराज्याचा कर. न्यू जर्सीचा आणखी वेगळा.

घरावर दीड लाखाचं कर्ज बाकी होतं. ते फिटून खात्यात आले ४ लाख ३४ हजार. कर भरला की साडेतीन लाख उरतात. १०३१ केलं असतं तर अख्खे ४ लाख ३४ हजार पुढच्या घरात घालता आले असते.

यात कर माफ होत नाही, तो लांबतो. समजा त्यानं ७ लाखांची नवी मालमत्ता घेतली असती, तर तिची हिशेबातली किंमत ७ लाख धरली जात नाही. त्यातून लांबलेला नफा ३ लाख ८० हजार वजा होतो आणि राहतात ३ लाख २० हजार. उद्या ती विकली की जुना नफा नव्या नफ्याच्या पाठीवर बसून परत येतो. शिवाय नव्या घराचा घसाराही या कमी किमतीवरच मिळतो, सात लाखांवर नाही. म्हणून मी याला बिनव्याजी उसनवारी म्हणतो. सरकारचे ८१ हजार वापरायला मिळतात, तेही परतफेडीची तारीख न ठरवता. अशी उसनवारी दुसरं कोण देईल? पण हिशेबाच्या वहीत ती लिहिलेली असते.

४५ आणि १८० दिवस

कायदा म्हणतो अदलाबदल. पण तुमचं घर ज्याला हवं आहे, त्याच्याकडे तुम्हाला हवं असलेलं घर असेल असं थोडंच आहे? ही अडचण एका जंगलाच्या सौद्यानं सोडवली.

१९६७ साली ओरेगन राज्यात टी. जे. स्टार्कर, त्यांचा मुलगा आणि सून यांनी १,८४३ एकर जंगल क्राउन झेलरबाक या कंपनीला दिलं. बदल्यात रोकड घेतली नाही. पाच वर्षांच्या आत स्टार्करना पसंत पडतील त्या जमिनी कंपनीनं विकत घेऊन त्यांच्या नावे करायच्या, असा करार झाला. आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचं, म्हणणं होतं की देणं आज आणि घेणं पुढे कधीतरी, याला अदलाबदल म्हणत नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं. १९७९ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं बहुतांशी स्टार्कर यांच्या बाजूनं निकाल दिला. देण्याघेण्यात वेळ गेला तरी ती अदलाबदलच.

पाच वर्षांची ढील काँग्रेसला काही रुचली नाही. १९८४ साली तिनं दोन मुदती कायद्यात घातल्या, त्या आजही लागू आहेत. घर विकल्यापासून ४५ दिवसांत कोणती मालमत्ता घेणार ते लेखी कळवायचं, आणि १८० दिवसांत ती घेऊन मोकळं व्हायचं. दोन्ही मुदती एकाच दिवशी सुरू होतात. ४५ संपल्यावर पुढे १८० मिळतात असं समजणारे मला दरवर्षी भेटतात.

सुट्ट्या मोजणीतून वगळल्या जात नाहीत. मित्रासारखं गुरुवारी क्लोजिंग झालं तर ४५वा दिवस येतो रविवारी, आणि मुदत रविवारी मध्यरात्रीच संपते. सोमवारची सवलत नाही. एखाद्या मोठ्या आपत्तीत आयआरएसनं अधिकृतपणे मुदत वाढवली तर गोष्ट वेगळी, २०२०मध्ये कोरोनाच्या काळात ती वाढली होती. सौदा फिसकटला, बँकेनं कर्ज लांबवलं, घरात लग्न होतं, ही कारणं चालत नाहीत.

लेखी कळवायचं म्हणजे सही केलेलं पत्र, त्यात घराचा नेमका पत्ता. 'पार्सिपनीमधलं एखादं कॉन्डो' असं लिहून भागत नाही. तीन मालमत्तांपर्यंत कितीही किमतीच्या लिहिता येतात. त्याहून जास्त लिहायच्या तर त्यांची एकूण किंमत विकलेल्या घराच्या दुपटीवर जाता कामा नये. तीही मर्यादा ओलांडली तर लिहिलेल्यांपैकी किमतीनं ९५ टक्के मालमत्ता खरोखर घ्याव्या लागतात, ते जवळपास कुणाला जमत नाही. मी सांगतो, तीन पत्ते लिहा आणि तिसरा असा लिहा की जो नक्की मिळेल, भले तो फार आवडता नसो.

सगळ्यात घात करतात ते हेच ४५ दिवस. तोपर्यंत निवांत असलेला माणूस चाळिसाव्या दिवशी मिळेल ते घर धरायला निघतो. समोरच्या दलालालाही सुगावा लागतो की याच्या मागे घड्याळ लागलंय, आणि घासाघीस तिथेच संपते. ८१ हजार वाचवण्यासाठी एक लाख जादा देऊन गळकं घर घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून आधी घर हेरायचं, मग आपलं विकायला काढायचं. नवं आधी घेऊन जुनं मागाहून विकण्याची उलटी पद्धतही आहे. २०००मध्ये आयआरएसनं तिची चौकट घालून दिली. पण त्यात नवं घर मध्येच तिसऱ्याच्या नावावर ठेवावं लागतं, खर्च बराच येतो आणि कर्ज देणारी बँक कुरकुरते.

अजून एक छुपी मुदत आहे. १८० दिवस किंवा त्या वर्षीच्या विवरणपत्राची शेवटची तारीख, यांपैकी जे आधी येईल ते खरं. ऑक्टोबरच्या मध्यानंतर घर विकलं, तर १५ एप्रिल १८० दिवसांच्या आधी येते. अशा वेळी विवरणपत्राला मुदतवाढ मागायची, म्हणजे पूर्ण १८० दिवस मिळतात. कागद एकच पानाचा आहे, पण तो विसरून विवरणपत्र भरून टाकलं की उरलेले दिवस गेले.

पैसा कुणाकडे ठेवायचा

पैशाला आपला हात लागायचा नाही, मग तो राहतो कुठे? एका तिसऱ्याकडे. १९९१च्या नियमांनी या मध्यस्थाला अधिकृत जागा दिली. क्लोजिंगच्या आधी त्याच्याशी करार करायचा, विक्रीच्या करारातले आपले हक्क त्याच्या नावे करायचे आणि घेणाऱ्याला तसं लेखी कळवायचं. क्लोजिंगच्या दिवशी पैसे थेट मध्यस्थाकडे जातात. नवं घर ठरलं की तो तिथूनच ते पुढे पाठवतो. मित्राचा राहून गेलेला करार तो हाच.

तुमचा भाऊ हा मध्यस्थ होऊ शकत नाही. गेल्या दोन वर्षांत तुमचं काम केलेला वकील, हिशेबनीस किंवा दलालही नाही. म्हणजे मीसुद्धा नाही. पण त्यापलीकडे, आश्चर्य वाटेल, या मध्यस्थाला संघराज्याचा कुठलाच परवाना लागत नाही. काही राज्यांनी आपापले नियम केलेत, बाकी सगळा विश्वासाचा मामला.

तो विश्वास किती महागात पडू शकतो हे दोन उदाहरणांवरून कळतं. एडवर्ड ओकन नावाच्या माणसानं अशा मध्यस्थ कंपन्या एकामागून एक विकत घेतल्या आणि गिऱ्हाइकांचे पैसे स्वतःच्या मौजेवर आणि धंद्यावर उधळले. २००७ साली त्याच्या समूहानं दिवाळखोरी जाहीर केली, आणि २००९ साली त्याला १०० वर्षांची शिक्षा झाली. दुसरं प्रकरण चोरीचंही नव्हतं. २००८च्या मंदीत लँडअमेरिका या मोठ्या समूहातली १०३१ कंपनी बुडाली, कारण गिऱ्हाइकांचे पैसे तिनं अशा रोख्यांत ठेवले होते की बाजार गोठल्यावर ते विकलेच जाईनात. घर गेलं, पैसे अडकले, आणि ४५-१८०चं घड्याळ चालूच. २०१०मध्ये आयआरएसनं अशांना कराच्या बाबतीत थोडा दिलासा दिला, पण बुडालेला पैसा आयआरएस भरून देत नाही. म्हणून मध्यस्थ निवडताना फीच्या शंभर-दोनशे डॉलरांकडे पाहू नका. तुमचे पैसे तुमच्या नावाच्या स्वतंत्र खात्यात राहणार का, आणि तुमच्या सहीशिवाय ते हलणार नाहीत ना, हे विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा बघा.

आलेले सगळे घातले, तरी कर?

हो, लागू शकतो. समजा मित्रानं करार वेळेत केला असता आणि हाती आलेल्या ४ लाख ३४ हजारांचं घर घेतलं असतं, पूर्ण रोखीनं, कर्ज न काढता. मराठी मनाला हे फार भावतं: कर्ज नको डोक्यावर. पण विकलेलं घर ५ लाख ८४ हजारांचं होतं. त्यावरचं दीड लाखाचं कर्ज फिटलं, हाही तुम्हाला झालेला लाभच. नव्या घरावर तितकं कर्ज घेतलं नाही किंवा तेवढी रक्कम खिशातून घातली नाही, तर त्या दीड लाखावर कर लागतो. अशा वरकड रकमेला इथे 'बूट' म्हणतात, उच्चार पायातल्यासारखाच. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: नवं घर जुन्याच्या खर्चवजा किमतीइतकं किंवा वरचढ हवं, आणि मध्यस्थाकडची सगळी रक्कम त्यात जिरायला हवी.

बूट लपूनही येतो. भाडेकरूची अनामत तुमच्याकडे असते. क्लोजिंगच्या हिशेबात वकील ती विक्रीच्या रकमेतून परस्पर कापून नव्या मालकाला देतो. वरवर बघता सोयीचं वाटतं. पण ते देणं तुमचं होतं आणि फिटलं घराच्या पैशातून, म्हणजे तेवढी रोकड तुम्ही घेतलीत असाच त्याचा अर्थ. आगाऊ घेतलेल्या भाड्याचंही तेच. उपाय फुकटचा आहे: क्लोजिंगच्या टेबलावर या दोन रकमांचा आपला वेगळा चेक द्यायचा. मी हिशेबाचा कागद क्लोजिंगच्या आधी मागवून घेतो तो याचसाठी.

नावाचीही भानगड असते. जुनं घर ज्यांच्या नावावर, नवं त्यांच्याच नावावर. दोघांचं विकून मुलाच्या नावावर घेतलं तर ती अदलाबदल नव्हे. चार मित्रांनी मिळून एलएलसी, म्हणजे कराच्या लेखी सहसा एक भागीदारीच, काढून मोटेल घेतलेलं असतं, विकताना एकाला पैसे हवे असतात आणि तिघांना १०३१. पण भागीदारीतला हिस्सा या कलमाखाली बदलता येत नाही, बदलते ती मालमत्ता, आणि ती बदलणार भागीदारी. एकानं वेगळं व्हायचं तर तयारी बऱ्याच आधीपासून हवी. हा विषय इथे मावणारा नाही, पण चौघांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यानं विकायला काढायच्या वर्षभर आधी सल्ला घ्यावा.

नात्यातला व्यवहार दोन्ही बाजूंनी जपून करायचा. भाऊ, बहीण, आईवडील, मुलं यांच्याशी अदलाबदल केली तर दोघांनीही आपापली मालमत्ता दोन वर्षं धरून ठेवावी लागते, नाहीतर लांबलेला कर परत येतो. मेहुणा या यादीत नाही, असं एकानं मला विजयी मुद्रेनं दाखवून दिलं होतं. खरं आहे. पण घर बायकोच्याही नावावर असेल तर तो तिचा भाऊ आहे!

पेन्सिल्वेनियातल्या पोकोनोच्या डोंगरातलं सुट्टीचं घर हाही नेहमीचा प्रश्न. उन्हाळ्यात आपण जायचं, एरवी भाड्यानं द्यायचं. २००८मध्ये आयआरएसनं यासाठी एक सुरक्षित चौकट सांगितली: घर दोन वर्षं धरलेलं हवं, त्यातल्या प्रत्येक वर्षी किमान १४ दिवस बाजारभावानं भाड्यानं गेलेलं हवं, आणि आपलं राहणं वर्षाला १४ दिवस किंवा भाड्याच्या दिवसांच्या दहा टक्के, यांतलं जे जास्त त्याच्या आत हवं. पेन्सिल्वेनिया राज्य तर २०२२पर्यंत वैयक्तिक करात १०३१ मानतच नव्हतं, २०२३पासून मानतं. कॅलिफोर्नियाची तऱ्हा आणखी निराळी. तिथलं घर देऊन टेक्सासमधलं घेतलंत तरी कॅलिफोर्नियात पिकलेला नफा ते राज्य विसरत नाही, आणि दरवर्षी एक माहितीपत्रक भरून घेतं.

पुण्यातला फ्लॅट

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. "इथलं भाड्याचं घर विकून पुण्यात फ्लॅट घेतला तर १०३१ होईल का?" नाही. अमेरिकेतली आणि अमेरिकेबाहेरची स्थावर मालमत्ता एकाच जातीची नाही, असं १९८९पासून कायद्यात लिहिलेलं आहे.

उलट बाजू जास्त फसवी आहे. पुण्यातला आईवडिलांकडून आलेला फ्लॅट विकला आणि त्यातून नाशिकला दुसरं घर घेतलं. भारतात वर्षानुवर्षं कलम ५४ म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळाली, तिकडे कर शून्य. माणूस निर्धास्त होतो. पण अमेरिकेचा नागरिक, ग्रीनकार्डवाला किंवा इथला करनिवासी असेल, तर त्याला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर आहे आणि कलम ५४शी इथल्या कायद्याला काही कर्तव्य नाही. भारतात कर भरला असता तर इथे त्याची वजावट मिळाली असती. तिकडे शून्य भरला, म्हणून इथे पूर्ण भरायचा.

मग पुणे देऊन नाशिक घेतलं, याला १०३१ लावता येईल का? दोन्ही अमेरिकेबाहेरची, त्यामुळे जात एक ठरू शकते. भाड्यानं दिलेला फ्लॅट असेल तर हेतूची अटही पुरी होते. अडतं ते पुन्हा तिथेच. भारतातल्या व्यवहारात पैसे सरळ विकणाऱ्याच्या खात्यात येतात, कलम ५४ला त्याचं काही वावडं नाही. १०३१ला आहे.

शेवटी हा कर भरतो कोण?

बऱ्याचदा कुणीच नाही. माणूस घर बदलत राहतो, नफा पुढे ढकलत राहतो, आणि एक दिवस जातो. वारसांना मालमत्ता मिळते ती त्या दिवशीच्या बाजारभावानं. ३ लाख ८० हजारांचा लांबलेला नफा, त्यावर चढलेला पुढचा नफा, सगळं पुसलं जातं. मुलांनी दुसऱ्या आठवड्यात घर विकलं तरी जवळपास कर नाही. श्रीमंत घराणी पिढ्यानपिढ्या इमारती का बाळगून असतात, याचं बरंचसं उत्तर या एका तरतुदीत आहे. मला स्वतःला हे पटत नाही, पगारदाराला अशी वाट नसते. बायडेन सरकारनं लांबवता येणाऱ्या नफ्यावर वर्षाला माणशी ५ लाख डॉलरांची मर्यादा सुचवली होती, ती मंजूर झाली नाही.

पण निवृत्त होऊन कायमचं परत जाणाऱ्यांनी इथे थांबून विचार करायला हवा. अमेरिकी नागरिक किंवा इथे कायम वास्तव्य असलेल्याला वारसाकरात फार मोठी सूट आहे, २०२६पासून माणशी दीड कोटी डॉलरांची. नागरिकत्व न घेता कायमचे पुण्यात जाऊन राहिलेल्यांना इथल्या मालमत्तेवर ही सूट आहे फक्त ६० हजार डॉलरांची. आयुष्यभर कर लांबवून शेवटी त्याहून मोठा भरायचा, असं होऊ शकतं.

आता त्या मित्राचं. रविवारी तो खोक्यातून अकरा वर्षांची विवरणपत्रं घेऊन आला. मी घसाऱ्याचे तक्ते बाजूला ठेवले आणि भाड्याच्या तोट्याचं पान शोधू लागलो. दोघांची मिळकत दीड लाखाच्या वर असल्यामुळे घरावर दाखवलेला तोटा त्यांना एकाही वर्षी वापरता आलेला नव्हता. तो साठत गेला होता, ६२ हजार. १०३१ केलं असतं तर हा तोटा तसाच अडकून राहिला असता. घर रीतसर विकून पूर्ण कर भरला, की तो सगळा एकदम मोकळा होतो, आणि नेहमीच्या मिळकतीतूनही वजा करता येतो. कर सुमारे पंधरा हजार डॉलरांनी कमी झाला.

१५ एप्रिलचा आगाऊ हप्ता किती भरायचा ते मी कागदावर लिहून दिलं. तो घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, "पुढच्या वेळी विकायच्या आधी तुला फोन करीन." विकायला आता राहतं घर तेवढं उरलंय, आणि त्याला १०३१ लागत नाही, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.